शोषकाचा रिकामा रकाना

राष्ट्र स्वतंत्र झाल्यावर त्याच्यापुढे जो पहिला गंभीर प्रश्न उभा राहतो तो अन्नाचा नसतो आणि वस्त्राचाही नसतो. यापुढे दोष कोणाला द्यायचा, हा तो प्रश्न होय. मालक असेपर्यंत सगळे सोपे असते. छत गळले, मालक. मुलगा नापास झाला, मालक. मालक निघून जातो आणि छत गळतच राहते, तेव्हा विचारी समाजाला संशोधनाकडे वळावे लागते.

पोलंडच्या पूर्व टोकावरच्या पॉदलेशिन शहराला हे इतरांच्या आधी उमगले. त्याचे श्रेय तिथल्या एका जुन्या आणि अत्यंत सभ्य चालीला दिले पाहिजे. पॉदलेशिनमध्ये कोणी 'कसं काय?' विचारले तर 'मजेत' असे उत्तर देत नाहीत. 'तेच जुनं दळिद्र' असे म्हणतात, आणि मग विचारणाऱ्याने आपले दळिद्र अंमळ अधिक जुने असल्याचे सांगायचे असते. तुमचा गुडघा दुखत असेल तर त्याचे दोन्ही दुखतात. तुमचे दोन्ही दुखत असतील तर त्याच्या मेव्हण्याला गुडघेच उरलेले नसतात. 'मजेत' म्हणणाऱ्याबद्दल दोनच शक्यता धरल्या जातात: त्याला जर्मनीत नोकरी लागली आहे, किंवा तो एखाद्या नव्या पंथात शिरला आहे. (एका दंतवैद्याने भर चौकात 'मजेत' म्हटल्याची नोंद आहे. त्याचे रोगी तेव्हापासून शेजारच्या शहरात जातात.)

अशा नांगरून तयार असलेल्या जमिनीत वसाहतोत्तर सिद्धान्ताचे बी पडले. सिद्धान्त थोडक्यात असा: मालक घरातून जातो, पण त्याची मोजपट्टी नोकराच्या डोक्यात राहते. नोकर पुढे आयुष्यभर स्वतःला त्याच पट्टीने मोजतो आणि दर वेळी दोन बोटे कमी भरतो. पॉदलेशिनच्या प्राध्यापकांनी हे वाचले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सव्वाशे वर्षे तीन शेजाऱ्यांनी त्यांचा देश नकाशावरून पुसून टाकला होता. पुढे परत मिळाला, तोच पुन्हा तुडवला गेला. आणि नंतर पंचेचाळीस वर्षे मॉस्कोकडून हुकूम येत राहिले. एवढे सगळे होऊनही लोक त्यांना कुरकुरे म्हणत. आता कळले की ते कुरकुरत नव्हते, साक्ष देत होते.

लगोलग विद्यापीठात 'स्लाव्ह पराधीनता अभ्यास संस्था' स्थापन झाली. तिला मिळालेली इमारत झारच्या घोडदळाने बांधलेली होती, खिडक्या जर्मनांनी बसवलेल्या होत्या आणि हीटर मागल्या राजवटीतले होते. तिन्ही साम्राज्यांचा निकृष्ट माल एकाच छताखाली पाहायला मिळत असल्यामुळे वेगळ्या संग्रहालयाची गरज पडली नाही. संस्थेच्या पहिल्या पाहणीत ९४ टक्के स्लाव्ह व्यक्तींनी आपण शोषित असल्याचे सांगितले. उरलेल्या ६ टक्क्यांनी पाहणी करणाऱ्यांनी आपला वेळ खाल्ल्याची तक्रार केली, म्हणून त्यांनाही त्यातच धरण्यात आले.

या संस्थेत डॉक्टर ओतिलिया साविच काम करत होती, आणि तिची हाबिलितात्सिया व्हायची होती. हाबिलितात्सिया म्हणजे पीएचडीनंतरची मोठी पीएचडी. आपण संशोधन करू शकतो हे पहिलीने सिद्ध होते. यापुढे ते थांबवायला आपण लायक आहोत हे दुसरीने. संस्थेचा नियम होता की आठ वर्षांत ती पदरात पाडावी, नाहीतर टेबल रिकामे करावे. ओतिलियाची आठ वर्षे ऑक्टोबरअखेर संपत होती. टेबल रिकामे केल्यास पुढे काय, हेही ठरलेले होते, कारण ते तिच्या आईने ठरवले होते. मावसभावाची अळंबीची शेते होती. शेते कसली, बिनखिडक्यांच्या लांबलचक शेडच त्या. आत ओल, अंधार आणि खताचा वास. तिथे माणसे कायम हवी असत, कारण माणसे तिथे टिकत नसत.

"बोलून ठेवलंय मी त्याच्याशी," आई कणीक मळता मळता म्हणाली.

"आई, अजून मतदान व्हायचंय."

"म्हणून तर आत्ता बोलले. झाल्यावर बोलायचं तर लाज वाटते."

ओतिलियाची पहिली पदवी गणिताची. गणितातून संस्कृतीकडे आलेल्या माणसाला एक खोड असते: त्याला वाटते, कोष्टक आखले की प्रश्न निम्मा सुटला. तिने आपल्या प्रबंधाच्या मध्यभागी दोन रकान्यांचे कोष्टक आखले. डावीकडे 'शोषित', उजवीकडे 'शोषक'. स्लाव्ह जगातल्या प्रत्येक समूहाला चार निकष लावायचे आणि पुराव्यानिशी योग्य त्या रकान्यात बसवायचे. पोलंडला तिने डावीकडे, सगळ्यात वर बसवले. त्यात देशाभिमान नव्हता. आपले दळिद्र अस्सल आणि शेजाऱ्याचे केवळ शिष्टाचारापुरते, असे प्रत्येक पॉदलेशिनकर मनोमन धरून चालतो, आणि जे सगळेच धरून चालतात ते तपासून पाहायचे गणितज्ञालाही सुचत नाही. तिची एवढीच चूक झाली.

प्रबंध तीन परीक्षकांकडे गेला आणि तीन अभिप्राय आले.

पहिला अभिप्राय युक्रेनच्या सोलोमिया हाव्रिल्युक यांचा. तो प्रबंधापेक्षा थोडाच लहान होता. पोलिश जमीनदारांनी युक्रेनी शेतकऱ्यांना शतकानुशतके कसे राबवले याची सविस्तर मांडणी करून त्यांनी सुचवले होते, की पोलंडला उजवीकडे हलवावे. अगदीच डावीकडे ठेवायचे असल्यास युक्रेनच्या खाली ठेवावे, आणि मध्ये भरपूर जागा सोडावी.

दुसरा अभिप्राय चेक डोसेंट (म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खाली) ब्राबेत्स यांचा. चेकांची नोंद 'सौम्य' या उपशीर्षकाखाली पाहून ते दुखावले होते. त्यांनी लिहिले, 'चेकांचे शोषण इतक्या सभ्यपणे झाले की त्याचा पुरावासुद्धा उरला नाही. शोषणाची परमावधी ती हीच.' (याबाबत स्लोव्हाकांचे म्हणणे निराळे असल्याचे समजते. स्लोव्हाक परीक्षक नेमलेला नसल्यामुळे ते समजले नाही असे धरण्यात आले.)

तिसरा अभिप्राय संस्थेचे प्रमुख आणि समितीचे अध्यक्ष प्रोफेसर वालेंती ग्रोखोला यांचा. तो एका परिच्छेदाचा होता. उजव्या रकान्यात ओतिलियाने मॉस्को लिहिले होते आणि खाली बारा प्रकरणांचा पुरावा जोडला होता. ग्रोखोलांनी समासात शेरा मारला होता: 'हे माझ्या आजीलाही ठाऊक होते. आजीला हाबिलितात्सिया मिळालेली नाही. नावीन्य?'

ओतिलियाने कोष्टक दुरुस्त करायला घेतले. पोलंडला उजवीकडे नेले तर अध्यक्षांचे आणि त्यांच्या भुवयांकडे पाहून मत देणाऱ्या चौघा सदस्यांचे मत जाणार. न नेले तर सोलोमियाबाईंचे जाणार. नियमाप्रमाणे परीक्षक धरून समितीची सातही मते लागत. (एखाद्या समूहाच्या दुःखाला बहुमताने मान्यता देणे संस्थेला अप्रशस्त वाटत असे.) तिने जमीनदारांबद्दलची वाक्ये गुळगुळीत केली, चेकांचे 'सौम्य' काढून 'सूक्ष्म' केले आणि प्रत्येकासाठी डावीकडे स्वतंत्र ओळ ठेवली, सगळ्यात वर. एका पानावर सगळ्यात वर एकच ओळ असू शकते, म्हणून तिने डावा रकाना आडवा छापला. आता सगळे स्लाव्ह शेजारी शेजारी, एकाच उंचीवर शोषित होते. सिद्धान्ताला मात्र शोषक लागतो. शोषक नसेल तर शोषित हा फक्त एक दमलेला माणूस ठरतो. आणि मॉस्को तर आजीच्या मालकीचे.

उजवा रकाना तसाच घेऊन ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात समितीपुढे उभी राहिली.

पॉदलेशिनची रीत अशी, की उमेदवाराने मतदानानंतरच्या चहासाठी घरचे काहीतरी करून आणायचे, पण ते मतदान होईपर्यंत कपाटात बंद ठेवायचे, म्हणजे कोणावर प्रभाव पडत नाही. ओतिलियाच्या आईने खसखशीचा केक दिला होता. तो अजून कोमट होता आणि कपाटाची दारे नीट लागत नव्हती, त्यामुळे प्रभाव सर्वांवर समान पडत होता.

"कसं काय, डॉक्टरबाई?" ग्रोखोलांनी विचारले.

"तेच जुनं दळिद्र, प्रोफेसरसाहेब."

"चला. म्हणजे तब्येत बरी आहे."

कामकाजाला सुरुवात झाली. सोलोमियाबाईंनी एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

"इथं तुम्ही लिहिलंय, 'पोलिश जमीनदार युक्रेनमध्ये वास्तव्यास होते.' वास्तव्यास? हवापालटाला आले होते का?"

ओतिलिया उत्तर देणार तोच ग्रोखोला म्हणाले, "बाई, माझ्या आजोबांना लव्होवमधून, म्हणजे आता तुमच्याकडे असलेल्या शहरातून, एका सुटकेसनिशी घालवलं."

"कोणी?"

"सोव्हिएतांनी."

"मग माझ्याकडे काय बघताय?"

"सुटकेस अजून आहे आमच्याकडे."

"माझ्या पणजोबांना तुमच्या आजोबांसारख्याच कोणाच्या तरी कारभाऱ्यानं चाबकानं फोडलं. चाबूक नाही आमच्याकडे. तो तुमच्याच माणसांकडे राहिला."

"तुमच्याकडे निदान चाबूक तरी होता," डोसेंट ब्राबेत्स हळूच म्हणाले. "आमच्याकडे जर्मन यायचे आणि आमचं काम आमच्यापेक्षा चांगलं करून दाखवायचे." मग त्यांनी पुस्ती जोडली, "रोज."

यानंतर पाऊण तास समितीने सिद्धान्ताचे उपयोजन केले. इतिवृत्तात त्याची नोंद 'विचारांची देवाणघेवाण' अशी आहे. त्यात तीन दुष्काळ, दोन जाळपोळी, एक बळाने दुसऱ्या पंथाला जोडलेले चर्च आणि ग्रोखोलांची सुटकेस (पुन्हा) यांचा समावेश होता. प्रत्येकाचे म्हणणे खरे होते. ओतिलियाला हे प्रथमच जाणवले आणि ती थोडी घाबरली. शेजाऱ्याचे दळिद्र शिष्टाचारापुरते नसून अस्सल असेल, तर आठ वर्षांचे तिचे कोष्टक पायापासून चुकले होते. पण हा विचार पुरा करायला ऑक्टोबर महिना पुरला नसता.

शेवटी ग्रोखोलांनी चष्मा पुसला. "असं करू या. बैठक जानेवारीत घेऊ. सगळे शांत होतील."

जानेवारीत सगळे शांत झाले असते आणि ओतिलिया अळंबीत असती. तिच्या नाकाला खताचा वास येऊ लागला. खसखस आणि लोणी यांच्यातून तो येत होता, म्हणजे चांगलाच जोरकस असला पाहिजे.

"एक मिनिट, साहेब," ती म्हणाली. "अडचण उजव्या रकान्याची आहे. डावीकडचं तर सगळ्यांना मान्य आहे. मग उजवीकडे अशा कोणाला घातलं, ज्याचं या खोलीत मत नाही, तर?"

समितीने तिच्याकडे प्रथमच एका संशोधकाकडे पाहावे तसे पाहिले.

लागलीच एक यादी तयार झाली. जर्मन: विद्यार्थी-देवघेवीचा करार त्यांच्याशी आहे, शिवाय ते आरोप पुरा होण्याआधीच माफी मागतात, त्यामुळे संशोधनाला वाव राहत नाही. ऑस्ट्रियन: त्यांच्या सम्राटाची तसबीर निम्म्या कॅफेंतून अजून प्रेमाने लावलेली आहे. स्वीडिश: सतराव्या शतकात अक्षरशः दाराच्या चौकटीसुद्धा उचलून नेल्या, पण हल्ली फर्निचर परत पाठवत आहेत, तेव्हा प्रकरण न्यायप्रविष्ट मानावे. मंगोल: पत्ता नाही.

ब्राबेत्स इतका वेळ प्रबंधाची संदर्भसूची चाळत होते. कंटाळलेला चेक माणूस सूची चाळतो; त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण आज ते मध्येच थांबले.

"डॉक्टरबाई, हा सिद्धान्त मुळात कोणाचा?"

"म्हणजे... पुष्कळांचा आहे. पण बरेच मोठे लेखक भारतातले. कलकत्त्याचे, मुंबईचे, दिल्लीचे. पुढे अमेरिकेत गेलेले."

"तुमचे चार निकष वाचा बरं."

ते तिसऱ्या प्रकरणात होते. तिने वाचले. "एक: ज्या भाषेत आपल्याला समजावून सांगितलं जातं ती आपली नसते. दोन: आपल्या दुःखाची नावं दुसरा कोणी ठेवतो. तीन: त्याच्या ग्रंथात आपण तळटीपेत असतो. चार: तरीही त्याची मान्यता मिळाल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही."

हीटरमधून खुट्ट आवाज आला.

"त्यांच्या ग्रंथांत पोलंड कितीदा येतं?" ग्रोखोलांनी विचारले.

"मी पाहिलं त्या ग्रंथात एकदा. शेवटच्या सूचीत. पोर्तुगालच्या आधी."

"आणि युक्रेन?" सोलोमियाबाईंचा आवाज बदलला होता.

"युगांडा आहे."

"म्हणजे आम्ही नाहीच?"

"नाही, बाई."

"आम्हीही नसूच," ब्राबेत्स समाधानाने म्हणाले.

"आणि आपण मात्र आठ वर्षं त्यांचीच पुस्तकं उशाशी घेऊन झोपतोय," ग्रोखोला म्हणाले. "स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगायची तर आधी विचारतोय, कलकत्त्याच्या निकषात बसते का. सुटकेस बसते का त्यांच्या निकषात?"

"सुटकेसबद्दल काही नाही, साहेब."

"बघा."

विज्ञानाचे शिक्षण झालेल्या माणसाला एक शेवटची पायरी चढणे नेहमीच जड जाते. ओतिलियाने विचारले, "पण साहेब, खुद्द त्यांच्यावरच तर दुसऱ्यांनी राज्य केलं होतं. दीडएकशे वर्षं."

"तेच तर म्हणतो मी. अनुभवी माणसं." ग्रोखोलांनी प्रबंध उघडून तिच्याकडे सरकवला. "शोषिताच्या हाती मोजपट्टी आली की तो शेजाऱ्याला मोजत सुटतो. हे वाक्य तुमचंच आहे ना?"

वाक्य तिचेच होते. ते तिने युक्रेनी लोकांना उद्देशून लिहिले होते, की पोलिश लोकांना, हे तिला त्या क्षणी आठवेना. तर्कात कुठे फट दिसत नव्हती. चारही निकष पुरे होत होते. आक्षेप घेणारा खोलीत कोणी नव्हता. नावीन्य तर निर्विवाद होते. कोणाच्याही आजीला हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

तिने पेन घेतले आणि उजव्या रकान्यात लिहिले: भारत.

गुप्त मतदान झाले. (आपली चिठ्ठी प्रत्येकाने शेजाऱ्याला दाखवूनच टाकली.) सात विरुद्ध शून्य. एका पोलिश, एका युक्रेनी आणि एका चेक विद्वानाचे एखाद्या ऐतिहासिक अन्यायाबाबत पूर्ण एकमत होण्याचा त्या संस्थेतला हा पहिलाच प्रसंग होता, आणि वातावरणात आलेली मोकळीक पाहून सगळेच चकित झाले. सोलोमियाबाईंनी अध्यक्षांना केकचा कडेचा तुकडा वाढला. तो कडेचा असल्याची तक्रार अध्यक्षांनी केली. ब्राबेत्सना मधला मिळाला होता. तो त्यांना फार गोड लागला. बंधुभाव म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

घरी आई जागीच होती.

"झालं?"

"झालं, आई. पण कायम व्हायला एक अट आहे. थोडा प्रत्यक्ष पुरावा जोडायचाय."

"आणि त्या उजवीकडच्या जागेवर कोण बसलं शेवटी?"

"भारतीय."

आईने क्षणभर विचार केला. "वाटलंच होतं मला."

"कशावरून?"

"वाटायचं. असंच." आणि तिने मावसभावाला फोन लावून सांगितले, की इतक्यात दुसरा माणूस बघू नकोस, अजून पुरावा राहिलाय.

पुराव्याची पद्धत ओतिलियाने काटेकोर आखली. शोषक असलेल्या समूहाला तो शोषक आहे हे सांगून काही सिद्ध होत नाही. तो नाकारतो, आणि सगळेच नाकारतात. त्यामुळे त्याला स्वतःबद्दल काही न विचारता त्याच्या हातात मोजपट्टी द्यायची आणि तो काय मोजतो ते टिपायचे. यासाठी या साऱ्या प्रकरणाचा प्रामाणिक वृत्तान्त एखाद्या भारतीय भाषेत, हलक्याफुलक्या शैलीत प्रसिद्ध करावा असे ठरले. अनेक भाषांचा विचार झाला. अखेर मराठीची निवड झाली, कारण प्राथमिक चाचणीत असे आढळले, की तुमच्यावर अन्याय कोण करते असे मराठी माणसाला विचारल्यास तो प्रश्न संपण्यापूर्वी उत्तर देतो, उत्तरादाखल जो सांगतो तो त्या वेळी कधीही खोलीत नसतो, आणि खुद्द स्वतःचे नाव उजव्या रकान्यात असू शकेल ही शक्यता त्याने विनोद म्हणूनही ऐकलेली नसते. पॉदलेशिनमध्ये हे वाचून आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटले.

नोंदीचे नियम साधे आहेत. वाचताना 'गोऱ्यांना कसली आलीय गुलामगिरी' असे मनात आले असल्यास एक गुण. त्यांची सुटकेस आपल्या दीडशे वर्षांशी ताडून पाहिली असल्यास दोन. नावे नीट न वाचता 'तो प्रोफेसर' आणि 'ती युक्रेनची' अशी वाटचाल केली असल्यास तीन. आणि एवढ्या खऱ्याखुऱ्या दुष्काळांवरून, जाळपोळींवरून नजर पुढे जात असताना ओठांवर थोडे हसू होते, असे ज्यांच्या बाबतीत झाले त्यांचा पुरावा स्वतंत्र परिशिष्टात घेण्यात येत आहे.

आतापर्यंतचे निकाल अत्यंत समाधानकारक आहेत. डॉक्टर ओतिलिया साविच यांना आजपासून कायम करण्यात आले असून आपल्या सहकार्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. अळंबीसाठी दुसरा माणूस बघायला सांगितले आहे.